पिवळ्या कॅनवरचा नंबर

मंगळवार, ४ मार्च

रक्तदाब वाढलाय म्हणून डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. मीठ कमी करा, आणि घरात ओरडण्यापेक्षा मनातलं कुठेतरी लिहून काढा. मीठ कमी केलं. ओरडणं काही कमी होईना, म्हणून ही वही आणली. आणि आज पहिल्याच दिवशी लिहायला इतकं आहे की पेन धड धरवत नाही.

धाकटी हॉस्पिटलात आहे. धाकटी म्हणजे माझी जाऊ. दीर गेल्यापासून आमच्याकडेच असते, मागच्या खोलीत. आम्ही तिघंही एकाच लाँड्रीत कामाला. हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी-टॉवेल धुणारी मोठी लाँड्री आहे. हे धुलाईचे मुकादम, धाकटी त्यांच्या हाताखाली मशीनवर, आणि मी घडीच्या टेबलावर.

सकाळी चहाच्या सुट्टीआधी पंपाच्या खोलीतून हिरवट धूर बाहेर आला. डोळ्यांत आणि घशात असा घुसला की टेबलावरच्या सगळ्या बायका पदर, ओढणी, जे हाताला लागेल ते तोंडाला लावून मैदानात पळाल्या. धाकटी आतच होती. ह्यांनीच ओला टॉवेल तोंडाला बांधला, आत शिरले आणि तिला ओढत बाहेर आणलं. बाकीचे पुरुष लांबून सूचना करत होते. मला ह्यांचा अभिमान वाटला, हे लिहून ठेवते, कारण तसं मी तोंडावर कधी म्हणणार नाही.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, कशाचा धूर होता? सोबत आलेला ड्रायव्हर म्हणाला, पिवळ्या कॅनचा. डॉक्टर म्हणाले, पिवळ्या कॅनमध्ये काय होतं? तो म्हणाला, पिवळ्या कॅनमधलं असतं ते. मी मॅनेजरला फोन लावला. साहेब म्हणाले, ‘लाँड्रीचं केमिकल आहे, सांगा त्यांना.’ तिकडे तिच्या ओठांचा रंग बदललेला आणि इकडे हे शहाणे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

धाकटीचाही राग आलाच. इतकी वर्षं तेच काम करते. डोळे काय खिशात ठेवून काम करत होती?

हे फार उशिरा घरी आले. म्हणाले, साफसफाई होती. न जेवता झोपले.

बुधवार, ५ मार्च

वॉर्डातल्या सिस्टर तोंडाच्या फटकळ आहेत. मला आवडल्या. म्हणाल्या, ‘रंग नका सांगू हो मला. रंग काय, कुणीही कुठलाही लावतो. कॅनवरचा नंबर आणा. विषाच्या हेल्पलाइनला तोच लागतो.’

गेले लाँड्रीत. पंपाच्या खोलीला कुलूप. मॅनेजर म्हणाले, चौकशी होईपर्यंत आत कुणी जायचं नाही. मी म्हटलं, साहेब, मला आत जायचं नाही, फक्त नंबर हवाय. तर म्हणाले, ‘तुम्ही घडीच्या ना? मग घडी करा.’ तिथेच त्यांची घडी करावीशी वाटली.

मागच्या अंगणात जाळीपलीकडे तो कॅन पडलेला दिसला. लेबल वाफेने फुगलं होतं, पण शाबूत होतं. त्यावर नंबरच नंबर. मी त्यातला सर्वांत लांब नंबर हातावर लिहून घेतला, म्हटलं लांब म्हणजे महत्त्वाचा असेल. धावतपळत वॉर्डात आले. सिस्टरनी फोन लावला, बोलल्या, आणि माझ्याकडे बघून कपाळाला हात लावला. ‘अहो, हा बॅच नंबर आहे. माल कुठल्या खेपेत भरला तेवढं ह्यावरून कळतं. आत काय भरलंय ते नाही कळत.’

मग त्यांनी कागदावर काढून दाखवलं. टोकावर उभा केलेला चौकोन असतो, त्यात कुठे ज्वाळा, कुठे हातावर सांडणारा थेंब. त्याच्याजवळ इंग्रजीतली दोन अक्षरं, यू आणि एन, आणि पुढे चार आकडे. तो आतल्या पदार्थाचा नंबर. म्हणाल्या, ‘कंपनी बदलो, नाव बदलो, कॅन बदलो, हे चार आकडे बदलत नाहीत. कुठल्याही देशात जा. रस्त्यात टँकर उलटला तर आगीचा बंबवाला आधी तेच वाचतो.’

म्हणजे उलटलेल्या टँकरजवळच्या माणसांची सोय आहे. आमची नाही.

गुरुवार, ६ मार्च

आणला नंबर. जाळीतून मोबाइल आत घालून फोटो काढला, मनगट खरचटलं. पिवळ्या कॅनवर २७९०. सिस्टरनी विचारून सांगितलं, हे ॲसिड. आमच्याकडे चादरींना शेवटच्या पाण्यात घालतात ते.

मी म्हटलं शक्यच नाही. पिवळ्यात ब्लीच असतं. ॲसिड पांढऱ्यात. लाँड्रीत पहिल्या दिवशी हेच शिकवतात.

मग आठवलं, अंगणात जुने पिवळे कॅन आहेत, पाणी भरायला ठेवलेले. सुट्टीत जाऊन पाहिले. त्यांच्यावर १७९१. तोच पिवळा, तेवढाच मोठा, बूचसुद्धा सारखं, आणि नंबर वेगळा. टेबलावरच्या बायका म्हणाल्या, गेल्या महिन्यापासून माल नव्या ठिकाणाहून येतो, तिकडे ॲसिड पिवळ्यात भरतात. मी म्हटलं, हे आपल्याला कुणी सांगितलं? कुणीच नाही. ब्लीचची टाकी रिकामी व्हायला आली, धाकटीने पिवळा कॅन उचलला आणि ओतला. ब्लीचमध्ये ॲसिड पडलं की क्लोरीन होतो, असं डॉक्टर म्हणाले. तो धूर त्याचा.

घरी ह्यांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, चिडतील. तर म्हणाले, ‘आता नंबराचं काय घेऊन बसलीस? झालं ते झालं.’ आणि ताट तसंच सरकवून उठले. दमलेत फार. तिला आत शिरून बाहेर काढलं, तेव्हा थोडा धूर ह्यांच्याही छातीत गेला असणार. उद्या डॉक्टरांना दाखवा म्हटलं, तर अंगावर आले.

शनिवार, ८ मार्च

धाकटी आता बसते. आवाज मात्र गेलाय. पत्र्यावर खडे घासावेत तसं बोलते, तेही दोन शब्द. डॉक्टर म्हणाले, आवाज येईल, खोकल्याचं सांगता येत नाही. सांगता येत नाही म्हणजे काय? तुम्ही कशाला शिकलात मग?

तिच्यासाठी पातळ भात केला, गाळून. मला काही हौस नाही. हॉस्पिटलातलं जेवण ती चिवडत बसते आणि मग सिस्टर मलाच बोलतात.

तिला मी मोठ्या ऐटीत सांगितलं, ‘तुला माहितेय का, तू ओतलास त्या कॅनवर सत्तावीसशे नव्वद होतं.’ तर ही कुजबुजली, ‘आणि टाकीवर सतराशे एक्क्याण्णव.’ मी टाकीचं काही बोललेच नव्हते. सिस्टरनी सांगितलं असेल. त्या दिवसभर त्याच गोष्टी सगळ्यांना सांगत असतात.

मी म्हटलं, मग तेव्हा का नाही बघितलास नंबर? ती म्हणाली, ‘चुकलं माझं.’ आणि भिंतीकडे तोंड केलं. ही बाई अशीच. भांडायला गेलं की लगेच शरण येते, आणि आपण तलवार काढून उभे. सासू होती तेव्हाही असंच. मी भांडायचे आणि ही मिठाची गुळणी धरून पोळी लाटायची. शेवटी वाईट मीच.

निघताना विचारलंन, ‘भाऊजी बरे आहेत ना? जेवतात ना?’ स्वतःला श्वास घ्यायची मारामार आणि चौकशी भाऊजींची.

भाऊजी एकदाही फिरकले नाहीत. हॉस्पिटलच्या वासाने मळमळतं म्हणे. एवढी वर्षं हॉस्पिटलांच्या चादरी धुतल्या, तेव्हा नाही मळमळलं.

रविवार, ९ मार्च

सुट्टी. स्वयंपाकघर, मोरी, संडास, सगळीकडच्या बाटल्या टेबलावर मांडून लेबलं वाचली. नळी मोकळी करायच्या बाटलीवर थेंबाचं चित्र आहे, खाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात लिहिलंय. भिंग लावून वाचलं. आणि ‘लिंबाचा ताजेपणा’ मात्र तळहाताएवढा. ज्यांनी हे छापलं त्यांच्या आईबापांना भेटायचंय मला.

धाकटीची खोली झाडली, कपडे धुतले. तिची उशी उन्हात घातली. अंगण रिकामंच होतं, म्हणून.

बुधवार, १२ मार्च

मॅनेजरने बोलावलं. चहा पाजला, म्हणजे गळा कापणार हे कळलंच. म्हणाले, मंगळवारी तपासणी अधिकारी येणार आहेत. ‘तुमच्या जाऊबाईंनी आपली चूक झाली असं सरळ सांगावं. प्रकरण मिटेल. आम्ही समजुतीने घेऊ.’

मी विचारलं, समजुतीने म्हणजे? तर काम जाणार. आणि चूक तिची म्हटल्यावर औषधपाणीही तिचं तिने बघायचं. मग यांची समजूत ती कुठली?

म्हणे, लेबलवर नंबर होता, लेबल वाचणं कामगाराचं काम. आता आठवला यांना नंबर! इतकी वर्षं सगळी लाँड्री रंगावर चालते. वाफेत लेबलं सुटून येतात, म्हणून रंग बघा असं यांनीच शिकवलं. पंपाच्या खोलीबाहेर भिंतीवर फळा होता, मोठा, रंगवलेला: पिवळा ब्लीच, पांढरा ॲसिड, निळा साबण. आम्ही सगळ्यांनी रोज बघितलाय. मी साहेबांना म्हटलं, चला, दाखवते फळा. हात धरून नेलं नाही इतकंच.

फळा नाही. भिंतीवर नुसता फळ्याएवढा स्वच्छ चौकोन आणि चार खिळे.

साहेब म्हणाले, ‘कसला फळा?’

टेबलावरच्या बायकांना म्हटलं, तुम्ही सांगाल ना फळा होता म्हणून? सगळ्या चादरीच्या कोपऱ्यात कोपरा घालण्यात एकदम मग्न झाल्या. घरी ह्यांना सांगितलं, तुम्ही मुकादम आहात, तुमचं ऐकतील, अधिकाऱ्यांसमोर फळ्याचं तुम्ही बोला. हे म्हणाले, ‘बघू.’ मी म्हटलं, बघू काय? तुमच्या भावाची बायको आहे. हे उठून बाहेर फिरायला गेले. माणूस इतका भित्रा असेल असं वाटलं नव्हतं. धुरात शिरताना भ्यायले नाहीत आणि साहेबाला भितात.

शनिवार, १५ मार्च

धाकटी घरी आली. मागच्या खोलीत कोंदट होतं म्हणून ह्यांनी स्वतःहून आमची पुढची खोली तिला दिली. न सांगता गादी टाकली, खिडकी पुसली, उशाशी पाणी ठेवलं. पण ती आत येताच स्वतः बाहेर. जेवतानाही दोघं एकमेकांकडे बघत नाहीत. ती ‘भाऊजी, घ्या ना’ म्हणते आणि ह्यांना ठसका लागतो.

रिकामं सौजन्य मला आवडत नाही. फळ्याचं बोला म्हणावं, गाद्या काय कुणीही टाकेल.

संध्याकाळी तिला शिकवलं. म्हटलं, मंगळवारी एवढंच सांग: आम्हाला रंग बघायला शिकवलं होतं, रंग बदलल्याचं कुणी सांगितलं नाही. यात खोटं काही नाही. ती म्हणाली, ‘हो.’ मी म्हटलं, परत म्हणून दाखव. तिने म्हणून दाखवलं, शाळेत म्हणतात तसं. मग खोकला सुरू झाला. तिचा खोकला आता असा आहे की थांबला असं वाटतं आणि पुन्हा तळापासून वर येतो. मी पाठीवरून हात फिरवत राहिले. मला त्या खोकल्याचाही राग येतो.

मंगळवार, १८ मार्च

सगळं जसं झालं तसं लिहिते.

कँटीनची खोली. अधिकारी बाई होत्या, वयाने लहान, कमी बोलणाऱ्या. बाजूला मॅनेजर. समोर धाकटी. मागच्या बाकावर मुकादम म्हणून हे, शेजारी घडीच्या दोघी. मला खरं तर बोलावलं नव्हतं, पण धाकटीला धरून आणायला कुणीतरी हवं म्हणून बसले ती उठलेच नाही.

बाईंनी विचारलं, कॅन उचलल्यावर लेबल पाहिलंत का?

धाकटी म्हणाली, ‘नाही पाहिलं. चूक माझी.’

मी तिच्याकडे बघतच राहिले. शनिवारी घोकून घेतलेलं सगळं गेलं कुठे? मॅनेजर मान हलवत होते, फार वाईट वाटल्यासारखी.

बाईंनी पुढे विचारलं, ओतण्याआधी तुम्हाला काही शंका आली होती का?

धाकटी म्हणाली, ‘नाही. आणि भाऊजी तिथे नव्हतेच.’

भाऊजींचं कुणी विचारलं होतं? बाईंनीही पेन थांबवलं. मला कानात हवा भरल्यासारखं झालं. नव्हते कसे? धूर बाहेर येताच सर्वांत आधी आत शिरले ते हेच. लांब असते तर कसे शिरले असते? आणि नंबर पाहिला नाही म्हणणारी ही बाई मला वॉर्डात टाकीचा नंबर सांगते. तो तिला सिस्टरनी नव्हता सांगितला. तो तिला पाठ होता. जिला पाठ होता तिने पाहिला. आणि जिने पाहिला ती मुकादमाला विचारल्याशिवाय बुचाला हात लावणार नाही. मी ओळखते तिला. मीठ जास्त झालंय का हेसुद्धा ती तीनदा विचारते.

मी मागे वळले. हे खाली बघत होते.

मी म्हटलं, ‘अहो, तुम्ही होतात ना तिथे?’

मॅनेजर म्हणाले, ‘बाई, तुम्ही मध्ये बोलू नका.’ अधिकारी बाई म्हणाल्या, ‘बोलू द्या.’ धाकटीने माझा हात इतका जोरात दाबला की तिची नखं रुतली. मी हात काढून घेतला.

‘होतो,’ तो म्हणाला.

मग म्हणाला, ‘तिने विचारलं होतं मला. ह्यावर नंबर वेगळा आहे, वासही आंबट येतोय, म्हणाली. दोन मशीन थांबली होती. मी म्हटलं, पिवळा आहे ना, मग ओत.’

मला वाटलं, आता छत पडेल. पडलं नाही. मॅनेजरने सुटकेचा निःश्वास टाकला, तोंडावर, सर्वांसमोर. ‘म्हणजे मुकादमाची चूक,’ म्हणाले. ‘कंपनीचा प्रश्न येतच नाही.’

नवऱ्याचा गळा धरावा असं मला त्या क्षणी वाटत होतं. पण तो धरायचा तर मी धरेन. पण मॅनेजरने तिच्या गळ्यातलं काढून त्याच्या गळ्यात अडकवावं आणि चहा प्यायला जावं, हे मी चालू देणार नव्हते. मी उठून त्या बाईंना म्हटलं, ‘मॅडम, बाहेरच्या भिंतीवरचा चौकोन बघून या. तिथे काय होतं ते यांना विचारा.’

मॅनेजर म्हणाले, काही नव्हतं. घडीच्या दोघी चपला बघत होत्या.

तेव्हा नवराच बोलला. ‘फळा होता. कुठल्या रंगात काय ते लिहिलेला. साहेबांनी सांगितलं म्हणून मीच टांगला होता. आणि साहेबांनी सांगितलं म्हणून मीच काढला, अपघाताच्या रात्री. बॉयलरमध्ये घातला.’

म्हणजे ती साफसफाई.

मग घडीच्या दोघींपैकी मोठी हळूच म्हणाली, ‘होता फळा. आम्ही रोज बघायचो.’ आत्ता वाचा फुटली तिला.

गुरुवार, २० मार्च

निकाल लागला, तोंडी तरी. रंग बदलल्याचं न सांगणं आणि फळा जाळणं, दोन्ही कंपनीच्या माथी आलंय. मॅनेजर लांबलचक सुट्टीवर गेलेत. धाकटीचं औषधपाणी कंपनी करेल, काम राहील. मुकादम घरी बसलाय, कधीपर्यंत ते माहीत नाही. कॅनवर आता हाताएवढे नंबर चिकटवलेत.

सगळे म्हणतात, जिंकलात. कुणी जिंकलं?

धाकटी माझ्याशी बोलत नव्हती. आज सकाळी एकदाची बोलली, त्या खरखरीत आवाजात. ‘मी सांभाळलं होतं ना सगळं. तुम्हाला कुणी सांगितलं होतं?’

मी म्हटलं, काय सांभाळलं होतंस? काम घालवणार होतीस, वर जन्मभर निष्काळजी म्हणवून घेणार होतीस.

‘भाऊजींनी मला कामाला लावलं. त्यांची नोकरी गेली तर तुमचं घर कशावर चालणार?’

‘माझं घर? मग तू काय पाहुणी आहेस? आणि माझ्यासाठी गप्प बसायचं ते मला न विचारता?’

ती म्हणाली, ‘विचारलं असतं तर तुम्ही ओरडला असता.’

ओरडलेच असते. आत्ताही ओरडले. शेजारणीने खिडकी लावून घेतली.

दुपारी नवरा स्वयंपाकघराच्या दारात आला. मी भांडी घासत होते, वळले नाही. म्हणाला, ‘ओत म्हणालो तेव्हा घाई होती. नंतर लाज वाटायला लागली. तिने पहिल्याच दिवशी वॉर्डातून ड्रायव्हरबरोबर निरोप पाठवला होता, भाऊजींना म्हणावं काही बोलू नका. मला बरं वाटलं.’ मग म्हणाला, ‘तिला तू सांग ना, मला फार वाईट वाटतंय म्हणून.’

चौदा दिवस ती पोर माझ्यादेखत त्याची चूक स्वतःची म्हणून मिरवत होती आणि हा तिच्या खिडक्या पुसत होता. आणि आता निरोप्या मी व्हायचं. मी म्हटलं, ‘मी सांगणार नाही. पाय आहेत तुम्हाला.’

मग गेला. पुढच्या खोलीतून मला ऐकू आलं, ‘चुकलं माझं.’

धाकटी काहीतरी म्हणायला गेली. ‘असू द्या’च म्हणणार होती, दुसरं काय म्हणणार ती. पण शब्दाआधी खोकला आला, तळापासून, आणि थांबेना. मी हात पुसून दारापर्यंत गेले. तो पाण्याचा पेला धरून तिच्यासमोर उभा होता. तिला पेला घेता येत नव्हता आणि त्याला खाली ठेवता येत नव्हता.

रोज मीच जाते, पाठीवरून हात फिरवते. आज आत गेले नाही. उभा राहू दे त्याला तिथे.